शिमग्याला पालखी घरी येणार? मुंबईकर चाकरमान्यांसाठी तयारीची सगळी माहिती

आईवडील गावाला असतात तोपर्यंत शिमग्याचं काही टेन्शन नसतं. आपण आयत्या वेळी रात्रीच्या गाडीने जायचं, ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली की हात जोडायचे, ओटीचं ताट आईने भरून ठेवलेलं असतं, नारळ बाबांनी सोललेले असतात, भजी काकीने तळलेली असतात. खरी पंचाईत घर आपल्या अंगावर आलं की होते. मग फोनाफोनी सुरू, ओटीत काय काय लागतं, पालखी ठेवायची कुठे, खेळ्यांना, म्हणजे दारोदार नाचायला येणाऱ्यांना, किती द्यायचे, गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, कोण घालणार. दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या पद्धतीवर आहे, सिंधुदुर्गातल्या पद्धती वेगळ्या. आणि रत्नागिरीतही दर दहा मैलांवर रीत बदलते, तेव्हा हे वाचा पण शेवटचा शब्द तुमच्या गावकरांचा, म्हणजे गावच्या मानकऱ्यांचा.

पहिलं काम तारखा. कॅलेंडरवर होळी दिसली म्हणून त्या दिवशीचं तिकीट काढून मोकळे होऊ नका. शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला सुरू होतो आणि पौर्णिमेच्या पुढेही चालतो, काही गावांत रंगपंचमीला आटपतो, काही ठिकाणी थेट गुढीपाडव्यापर्यंत पालखी फिरत असते. त्यात परत तेरसे शिमगे आणि भद्रेचे शिमगे हा प्रकार. तेरशाच्या गावात मोठी होळी त्रयोदशीला, भद्रेच्या गावात पौर्णिमेला. तुमचं गाव कुठल्यात बसतं हे माहीत नसेल तर आधी ते विचारा, बायकोचं माहेर तेरशात आणि आपलं गाव भद्रेत असेल तर दोन्हीकडे हजेरी लागते, हा फायदा वेगळाच. आणि आपल्या घरी पालखी येण्याचा दिवस हा अजून तिसराच. होळीनंतर पालखी वाडीवाडीने भोवायला लागते, आज वरची वाडी, उद्या बौद्धवाडीच्या अलीकडची, परवा खालची, असा क्रम ठरलेला असतो आणि तो गावच्या बैठकीत पक्का होतो. म्हणून होळीचा दिवस आणि घरच्या पालखीचा दिवस, दोन्ही लिहून घ्या. सुट्टी एकच मिळणार असेल तर घरच्या पालखीची घ्या, माझं स्पष्ट मत आहे.

तिकीट. रेल्वेचं आगाऊ रिझर्व्हेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय, आधी १२० होते. प्रवासाचा दिवस सोडून ६० मोजायचे. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जनशताब्दी या गाड्यांचं बुकिंग सकाळी उघडलं की काही मिनिटांत वेटिंगला जातं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी लोक दुपारी जेवून ॲप उघडतात. होळी स्पेशल गाड्या नंतर जाहीर होतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं पण भरवसा ठेवायचा नाही. आणि एक छोटी गोष्ट, रत्नागिरीचं नाही मिळालं तर संगमेश्वर रोड, आरवली रोड, सावर्डे, विलवडे, राजापूर रोड असली मधली स्टेशनं बघा, पण गाडी तिथे थांबते का ते नीट बघून, आणि रात्री अडीचला उतरल्यावर घ्यायला कोण येणार हेही आधीच ठरवून. त्या दिवसांत गावातला प्रत्येक रिक्षावाला पालखीसोबत असतो.

तिकीट झालं की फोन. वाडीतल्या जबाबदार माणसाला, गावकर म्हणा, मानकरी म्हणा, जो पालखीबरोबर फिरतो त्याला. व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकू नका, तिथे चौदा उत्तरं येतात आणि त्यातली सहा गेल्या वर्षीची असतात. फोन करून हे विचारा: आपल्या वाडीत पालखी कधी, साधारण दिवसा की रात्री, पालखी घरात घेतात की अंगणातच बसवतात, पालखीत रूपं किती आणि कोणाकोणाची, ओट्या किती लागतात, यंदा वर्गणी किती ठरली, आणि घरात सुतक असेल तर काय. शेवटचं महत्त्वाचं आहे. भाऊबंदकीत कोणी गेलं असेल तर तुमच्याकडे पालखी थांबणार नाही, पुढे जाईल, आणि हे तुम्ही स्वतःहून आधी सांगायचं असतं, पालखी दारात आल्यावर नाही. सोयर असेल तरी विचारून घ्या.

रूपं किती हे का विचारायचं तर पालखीत बहुतेक वेळा एकच देव नसतो. जाकादेवी, वाघजाई, सोमजाई, नवलाई, पावणाई, केदारलिंग, भैरी, ज्या गावाची जी ग्रामदैवतं असतील त्यांचे चांदीचे मुखवटे, ज्यांना आपण रूपं म्हणतो, ते पालखीला लावतात. देवी असेल तर खणनारळाची ओटी, साडी नेसवायची असेल तर साडी. देव असेल तर नारळ, शेला नाहीतर उपरणं, जशी रीत. मुंबईहून एकच भारी साडी घेऊन गेलात आणि पालखीत दोघी बहिणी असल्या तर तिथे उभं राहून काय करणार?

आता घर. वर्षभर बंद असलेलं घर पालखीच्या आदल्या रात्री उघडून चालत नाही, निदान दोन दिवस आधी पोचा. पाण्याचा पंप चालतो का, लाइट आहे का, ओटीवरचा, म्हणजे पुढच्या ओसरीवरचा, बल्ब पेटतो का, हे पहिलं. अंगण झाडून सारवून घ्या, आता शेण मिळणं कठीण झालंय, शेजारी गाय असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. फरशी किंवा कोबा असेल तर धुवून रांगोळी पुरे. दाराला आंब्याच्या टाळ्याचं तोरण. पण सगळ्यात जास्त लक्ष कुठे द्यायचं तर वाटेवर. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्या, निसटलेला चिरा, वाटेत आलेली काजूची फांदी, कपडे वाळत घालायची तार, केबलवाल्याने खाली लोंबत सोडलेली वायर. पालखी खांद्यावर असते, तिचा दांडा पुढेमागे लांब असतो, वर छत्र किंवा अब्दागिरी असते आणि उचलणारे अनवाणी असतात, त्यात रात्रीची वेळ. एकदा संध्याकाळी स्वतः चप्पल काढून गेटपासून ओटीपर्यंत चालून बघा, खडा कुठे टोचतो ते कळतं. दरवाजाची रुंदीही बघून ठेवा. नवीन बंगले बांधताना लोक ग्रिलचा छोटा दरवाजा लावतात आणि मग पालखी आत वळत नाही, दांडा अडकतो, चार माणसं घाम गाळत तिरकी करत बसतात. घर बांधायला काढलं असेल तर मिस्त्रीला हे आजच सांगा.

पालखी जिथे बसणार ती जागा मोकळी हवी. ओटीवर किंवा माजघरात दोन पाट किंवा चौरंग, त्यावर स्वच्छ धूतवस्त्र किंवा नवा कपडा, बाजूला समई, पुढे बसून ओटी भरता येईल एवढी जागा. सोफा, टीपॉय, टीव्हीचं टेबल त्या दिवसापुरतं मागच्या पडवीत. पंखा समईवर येत असेल तर बंद ठेवायचा, मार्च महिना आहे, घामाने भिजणार आहात, इलाज नाही.

सामानाची यादी करताना लोक नारळ कमी आणतात. ओटीचे वेगळे, नवसाचा असेल तर तो वेगळा, होमात, म्हणजे होळीच्या आगीत, टाकायचा वेगळा, घरातल्या प्रत्येक विभक्त भावाचा वेगळा, आणि दोन जास्तीचे. नारळ सोलताना शेंडी ठेवा, पूर्ण तासलेला नारळ ओटीला चालत नाही. मुंबईहून नारळ वाहून नेणं हा निव्वळ वेडेपणा, गावात सांगून ठेवलं की मिळतात. बाकी खण, तांदूळ, हळदकुंकू, हळकुंडं, सुपाऱ्या, विड्याची पानं, अबीर-गुलाल, हार आणि वेण्या, अगरबत्ती, कापूर, तुपाच्या वाती, आणि काड्यापेटी. काड्यापेटी वेगळी लिहिलीय कारण आजकाल घरात कोणी ठेवतच नाही, गॅसला लायटर असतो आणि पालखी आली की समई लावायला शोधाशोध. फुलं आदल्या दिवशी मार्केटमधून आणलीत तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

सुटे पैसे! दहा, वीस, पन्नासच्या नोटा मुंबईच्या बँकेतूनच घेऊन जा, गावच्या एटीएममधून पाचशेच येतात. पालखीच्या ताटात दक्षिणा, गुरवाची वेगळी, वाजंत्र्यांची वेगळी आणि सगळ्यात जास्त सुटे लागतात पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, द्यायला. शिमग्यात पोस्त मागायला पोरंटोरं येतात, खेळे येतात, संकासूर येतो, शेजारच्या गावातलं नमन, म्हणजे लोकनाट्याचं पथक, येतं, गोमू, म्हणजे बाईचं सोंग, नाचवत येतात. पोस्त नाही म्हणायचं नसतं. कमी द्या पण हसून द्या, आणि आधी त्यांना खेळू द्या. काही लोक दारातूनच पन्नासची नोट काढून देतात आणि पुढे जा म्हणतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. संकासुराचे काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं लावून माणूस उन्हातून चार वाड्या चालत आलेला असतो, मृदंगवाला तुमच्या अंगणात मृदंग काढून बसतोय आणि तुम्ही त्याला नाचू न देता पाठवता? पाच मिनिटं बसा, लहान पोरांना संकासुराची भीती घालून घ्या, आपल्यालाही कोणीतरी घातलीच होती.

प्रत्यक्ष पालखी येते तेव्हा. वेळ कधीही खरी समजू नका. संध्याकाळी सातला सांगितलेली पालखी रात्री दीडला येते कारण वरच्या वाडीत कोणाचा तरी नवस असतो, कोणाच्या अंगणात ती अर्धा तास नाचते, कुठे गाऱ्हाणं लांबतं. त्यामुळे घरातली म्हातारी माणसं आणि पोरं यांना जेवून झोपू द्या, ढोल जवळ आला की उठवा. ढोल आणि सनईचा आवाज कुठल्या बाजूने येतोय त्यावरून दोन घरं अलीकडे की पलीकडे ते कळतं, उत्तर भागात, दापोली-गुहागरकडे, खालू बाजा हा वाजंत्र्यांचा ताफा असतो, तो तर दरी ओलांडून ऐकू येतो. शेजारच्या घरी पालखी पोचली की समई लावा, ओटीचं ताट पुढे आणा, अंगणातले सगळे दिवे लावा, कुत्रा बांधा.

पुढे निशाण, मग वाजंत्री, मग पालखी. अंगणात आली की घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे जाते आणि पालखी उचलणाऱ्यांच्या पायावर पाणी घालते, मग हळदकुंकू, मग ओवाळणं. घाई करायची नाही. पालखी खांद्यावर असते तेव्हा रूपं डोळ्यांच्या वर असतात, गोंडे हलत असतात, बत्तीचा किंवा ट्यूबचा उजेड चांदीवर पडतो आणि वाजंत्री एकदम चढी लावतात, त्या वेळी हात थरथरतात सगळ्यांचेच, ताट दोन्ही हातांनी धरा. मग पालखी आत येऊन पाटावर बसते. आधी मानकरी सांगतील तसं बाजूला व्हायचं, ओटी घरातल्या मोठ्या सुनेने भरायची की सासूने ते आधीच घरात ठरवून ठेवा, देवासमोर तू भर तू भर नको. खण, त्यावर नारळ शेंडी देवाकडे, तांदूळ ओंजळीने. हे होतंय तोवर बाकीच्यांनी पाया पडून घ्यायचं, पण पालखीच्या मागच्या बाजूला गर्दी करू नका, तिथे उचलणारी पोरं दम खात बसलेली असतात.

मग गाऱ्हाणं. हे गुरव घालतो किंवा गावचा मानकरी. तुम्ही फक्त सांगायचं, काय मागायचं ते. कानात हळू सांगा, पोराची नोकरी, आईचं दुखणं, जमिनीची भानगड, जे असेल ते. तो मोठ्याने बोलेल, 'बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझी सेवा केली, ती मान्य करून घे, पोराबाळांची राखण कर, कामधंद्याक येश दे', आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा'. मुंबईत वाढलेल्या पोरांना इथे हसू येतं, त्यांना आधी समजावून ठेवा, व्हय म्हाराजा जोरात म्हणायचं. नवस बोलायचा तर झेपेल असाच बोला. पुढच्या वर्षी तो फेडायचाय आणि अख्ख्या वाडीने तो ऐकलेला असतो.

खायला काय ठेवायचं यावर घराघरात वाद असतो. पालखीबरोबर चाळीस-पन्नास माणसं तरी असतात आणि तुमचं घर त्यांचं त्या रात्रीचं बारावं घर असू शकतं, सगळीकडे चहा आणि भजी झालेली असते. म्हणून मी म्हणतो कोकम सरबत किंवा ताक ठेवा, भरपूर, मातीच्या माठातलं गार पाणी ठेवा, सोबत सुकं काहीतरी, शेव-चिवडा, खोबऱ्याच्या वड्या, कागदात बांधून देता येईल असं. रात्री दोनला गरम कांदाभजीची हौस असेल तर करा पण गॅसपाशी कोणाला तरी अडकून राहावं लागतं आणि नेमकी तीच बाई ओटीला पाहिजे असते. मटण वगैरे पालखी जाऊन होईस्तोवर नको, बहुतेक घरांत हे पाळतात.

पालखी खांद्यावर घ्यायची इच्छा सगळ्यांना असते, आणि घ्यावीच. फक्त आपण आपल्या उंचीच्या माणसाबरोबर उभं राहायचं, नाहीतर सगळा भार बुटक्यावर येतो. खांद्यावर टॉवेलची घडी ठेवा. चपला काढा, चामड्याचा पट्टा आणि पाकीट काढून घरात ठेवा. पावलं छोटी आणि झटपट टाकायची, ढांगा टाकल्या की पालखी हिंदकळते. आणि बदली माणसाने दांडा खांद्यावर घेतलाय हे कळल्याशिवाय आपला खांदा काढायचा नाही, हा एकच नियम मोडला तरी पालखी झुकते. हे नुसतं चालण्याबद्दल झालं. नाचवणं हे वेगळं काम, पुढे एक मागे एक असे दोघंच पालखी डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर फिरवतात आणि ताशाच्या ठेक्यावर बसतात उठतात, ते वर्षानुवर्षं करणाऱ्यांनीच करावं. शिकायचं असेल तर सहाणेवर दुपारच्या वेळी गर्दी नसताना जाणत्या माणसाला विचारून शिका. काही गावांत आता बायकाही पालखी नाचवतात, आणि झकास नाचवतात.

सहाण म्हणजे पालखी जिथे मुक्कामाला बसते ती जागा, रत्नागिरी शहरात भैरीबुवाची पालखी झाडगावच्या सहाणेवर बसते तिथली गर्दी बघण्यासारखी असते. घरची वेळ चुकली, ट्रेन लेट झाली, सुतक फिटलं पण पालखी पुढे गेली, असं काही झालं तर सहाणेवर जाऊन ओटी भरता येते. घरी आली नाही म्हणून रुसून बसू नका. सहाणेवरच शेरणं काढण्याचा कार्यक्रम असतो काही गावांत, विशेषतः चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात. नारळ जमिनीत कुठेतरी पुरून ठेवतात आणि पालखी तो शोधून काढते, नाचत नाचत त्या जागेवर येऊन अडते. विश्वास ठेवा नको ठेवा, पण शेरणं शोधत असताना मध्ये घुसून व्हिडिओ काढू नका, पालखी कुठल्या बाजूला वळेल ते उचलणाऱ्यालाही माहीत नसतं.

होळीच्या रात्रीबद्दल थोडं. आंबा, सुरमाड, पोफळ, सावर, ज्या गावाची जी पद्धत त्या झाडाची होळी तोडून, खांद्यावर नाचवत, फाका, म्हणजे शिव्यांच्या आरोळ्या, घालत आणतात आणि उभी करतात. उभी होताना त्या झाडाच्या उंचीएवढं लांब उभं राहायचं, पोरांना तर अजून लांब, दोर सुटला तर कुठे जाईल सांगता येत नाही. फाका ऐकून ज्यांचे कान लाल होतात त्यांनी घरी बसावं, ती शिव्यांची रात्र आहे, दुसऱ्या दिवशी कोणी कोणावर राग धरत नाही. घरात नवीन लग्न झालेलं असेल तर जोडप्याला होमात नारळ टाकायला न्या, त्यासाठी वेगळा नारळ ठेवलाय ना? सिंथेटिक साडी आणि ओढणी होमाजवळ नको.

फोटो काढा, पण पालखी घरात बसल्यावर रूपांचे क्लोजअप काढण्याआधी गुरवाला विचारा, काही गावांत चालत नाही. फ्लॅश बंद. ड्रोन तर नकोच, अंगणात माडाच्या झावळ्या आहेत.

मानपानाच्या भांडणात अजिबात पडू नका. पहिली ओटी कोणाची, पालखी आधी कोणाच्या दारात, निशाण कोणाच्या हातात, यावरून पिढ्यान्पिढ्या वाद आहेत, काही गावांत प्रकरण तहसीलदारापर्यंत आणि पोलीस बंदोबस्तापर्यंत गेलंय. तुम्ही वर्षातून चार दिवस येता, तुम्हाला अर्धीच बाजू माहीत असते. मत मुंबई मंडळाच्या बैठकीत मांडा, पालखीसमोर नको.

पालखी निघाली की अंगणाच्या हद्दीपर्यंत, पाखाडीच्या तोंडापर्यंत सोबत जायचं, शेजाऱ्याच्या घरी पोचवून मग मागे फिरायचं. ओटीतला नारळ प्रसाद म्हणून परत मिळाला असेल तर तो फोडून वाडीत वाटतात की घरातच ठेवतात ते विचारा. वर्गणीची पावती घ्या, पुढच्या वर्षी 'तुमची बाकी आहे' ऐकायला लागत नाही. ओटीवरचे पाट धुवून उन्हात ठेवा, समईचं तेल काढून टाका नाहीतर उंदीर वात पळवतात. मेन स्विच बंद करा, पाण्याच्या टाकीचा कॉक बंद करा, चावी ज्याच्याकडे ठेवता त्याच्याकडे, आणि त्यालाच सांगून या की गणपतीच्या आधी एकदा कौलं शाकारून घ्यायची आहेत.